जपानी क्लायंट ‘हाय’ म्हणतो तेव्हा

आज परकीय भाषा शिकण्याबद्दल बोलूया, आणि उदाहरण घेऊया जपानीचं. ऐकणाऱ्यांत पुण्यातले जपानी शिकणारे बरेच असणार!

समजा, मीटिंगमध्ये तुम्ही प्रपोजल मांडताय. समोरचे जपानी क्लायंट दर वाक्याला ‘हाय, हाय’ म्हणतायत. पुस्तकात ‘हाय’ म्हणजे ‘हो’. शेवटी ते म्हणतात, ‘केन्तो शिमासु’, म्हणजे ‘विचार करतो’. तुम्ही खुशीत मॅनेजरला मेसेज टाकता, डील जवळपास पक्की! पुढे उत्तरच येत नाही.

घोळ कुठे झाला? तो ‘हाय’ म्हणजे आपण फोनवर करतो ते ‘हं... हं...’. ऐकतोय, पुढे बोला. जपानीत याला ‘आइझुची’ म्हणतात. आणि ‘केन्तो शिमासु’ बरेचदा आपल्या ‘बघू’सारखं असतं. स्थळ बघून गेलेले लोक ‘कळवतो’ म्हणतात, तेव्हा घरात सगळ्यांना काय ते कळतं ना? तसंच. अर्थात नेहमीच नकार असतो असं नाही, म्हणून ‘साधारण कधीपर्यंत कळेल?’ हे नम्रपणे विचारता यायला हवं.

क्लासमध्ये ‘कल्चर’ म्हटलं की किमोनोचे फोटो, ओरिगामी, सुशी. मजा येते, पण ती संस्कृती भाषेच्या शेजारी ठेवलेली. वाक्याच्या आतली राहूनच जाते. आता हेच बघा. आपण कुणाशीही बोलताना ‘साहेब आलेत’ असंच म्हणणार. जपानीत क्लायंटशी बोलताना स्वतःच्या साहेबांच्या नावाला लावलेलं ‘सान’ काढायचं. नुसतं ‘तानाका’! कारण त्या क्षणी साहेब ‘उची’, म्हणजे आपल्यातले, आणि क्लायंट ‘सोतो’, म्हणजे बाहेरचे. मान बाहेरच्यांना. मराठी जीभ इथे अडखळतेच.

नियम पाठ करून हे जमत नाही. जेएलपीटीत तर बोलण्याची परीक्षाच नाही, अगदी एन-वनलासुद्धा. मग परीक्षेमागे धावणाऱ्या क्लासला याची घाई कशाला असेल? पण दहा मिनिटं पुरतात. दोघांनी फोनचं नाटक करायचं. ‘तानाका जागेवर नाहीत’ हे एकदा सहकाऱ्याला सांगायचं, एकदा क्लायंटला. काय बदललं, ते बाकीच्यांनी पकडायचं.

आणि सगळंच अवघड नाही हं. घरातून निघताना जपानी माणूस म्हणतो ‘इत्ते किमासु’, शब्दशः ‘जाऊन येतो’. ‘जातो’ म्हटल्यावर ‘येतो म्हण’ असं दटावणारी आजी ज्याच्या घरात आहे, त्याला हे वेगळं शिकवावंच लागत नाही.