कोडिंग शिकायचंय? आधी लोणारचा एक प्रश्न घ्या

बी.एस्सी. किंवा इंजिनिअरिंग संपत आलं की खामगाव, चिखली, मेहकरकडच्या मुलांचा प्रश्न ठरलेला: "पुण्याला जाऊन कोर्स लावू का?" फी भरण्याआधी हे करून बघा. नोकरी करायची असो की पीएच.डी., दोन्हीकडे कामाला येईल.

प्रश्न एकच घ्या: लोणार सरोवराचं क्षेत्रफळ वर्षागणिक किती बदलतं?

डेटा फुकट आहे. सेंटिनेल-२ उपग्रहाच्या प्रतिमा युरोपच्या कोपर्निकस साईटवर मिळतात. एक पिक्सेल म्हणजे १० बाय १० मीटर. पाणी निअर-इन्फ्रारेड प्रकाश जवळजवळ सगळा शोषतं, हिरवा थोडा परावर्तित करतं. म्हणून हिरव्यातून निअर-इन्फ्रारेड वजा करा आणि दोघांच्या बेरजेने भागा. उत्तर धन आलं तर बहुधा पाणी. पायथनमध्ये हे मोजक्या ओळींचं काम. त्या ओळी आज एआयसुद्धा लिहून देतो.

खरं शिक्षण इथून पुढे सुरू होतं. सरोवराचा व्यास साधारण १.२ किलोमीटर, म्हणजे क्षेत्रफळ अंदाजे ११३ हेक्टर आणि काठ ३.८ किलोमीटर. काठावर सगळीकडे एका पिक्सेलची चूक झाली तर जवळपास ४ हेक्टर इकडचे तिकडे! मग "सरोवर २ हेक्टरने घटलं" असं छातीठोक सांगता येईल का? दुसरं, लोणारच्या पाण्यात शेवाळ दाट वाढतं आणि ते निअर-इन्फ्रारेड परत पाठवतं. तिथे कोड पाण्यालाच जमीन म्हणू शकतो. एरर मेसेज काही येत नाही, उत्तर मात्र चुकतं.

म्हणून ही चार कौशल्यं धरा:

१. एकच भाषा, नीट. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलवर मराठीतूनही धडे आहेत, मोफत.
२. गिट. कोणता बदल कधी आणि का केला, याची नोंद.
३. चाचणी. ४० पिक्सेल पाण्याची खोटी प्रतिमा बनवा, उत्तर ०.४ हेक्टरच यायला हवं.
४. रीडमी. दुसऱ्याला तुमचं काम न विचारता चालवता आलं पाहिजे.

कोर्स वाईट नसतो. पण एवढं केल्यावर आपल्याला नेमकं काय येत नाही ते कळतं, आणि पैसे त्यावरच खर्च होतात. मुलाखतीत किंवा गाईडसमोर प्रमाणपत्र दाखवून संपतं, "हे ४ हेक्टर कुठून आले?" यावर मात्र अर्धा तास बोलता येतं.

पावसाळ्यातली ढगाळ प्रतिमा सोडा, जानेवारीची घ्या. सुरुवात तिथून.