कपाटातला कॅमेरा आणि पडद्यावरचा चेहरा

निवासी शाळेच्या कार्यालयातील कपाटात बहुधा एक डीएसएलआर कॅमेरा असतोच. कधी काळी एखाद्या माजी विद्यार्थ्याने किंवा हितचिंतकाने तो आपुलकीने दिलेला असतो. चौदा एप्रिल, बुद्धपौर्णिमा, वार्षिक स्नेहसंमेलन आणि पाहुण्यांचा सत्कार एवढ्यापुरता तो बाहेर निघतो आणि पुन्हा आपल्या पिशवीत जाऊन बसतो. दरम्यान शाळेचे पुष्कळसे काम संगणकाच्या पडद्यावर येऊन ठेपले आहे. परगावी नोकरी करणारे माजी विद्यार्थी रविवारी दुरूनच गणित शिकवतात; वर्षावासात भन्तेजींचे प्रवचन विहारात येऊ न शकणाऱ्या उपासकांपर्यंत पोहोचते; शिष्यवृत्तीच्या आणि प्रवेशाच्या मुलाखतीही आता पडद्यावर होतात. या सर्व ठिकाणी आपण लॅपटॉपच्या कडेला असलेल्या वाटाण्याएवढ्या कॅमेऱ्यावर विसंबून राहतो. कपाटातला कॅमेरा मात्र तसाच पडून असतो. तो या कामाला कसा लावावा, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

हा विषय मला महत्त्वाचा वाटू लागला तो एका सरावामुळे. शिष्यवृत्तीच्या मुलाखतीची तयारी करणारी एक विद्यार्थिनी ग्रंथालयात खिडकीकडे पाठ करून बसली होती आणि आम्ही दोघे-तिघे दुसऱ्या खोलीतून तिला प्रश्न विचारत होतो. तिची उत्तरे चांगली होती. परंतु पडद्यावर दिसत होती ती प्रकाशमान खिडकी आणि तिच्यासमोर एक काळी आकृती. डोळे दिसत नव्हते, हसणे दिसत नव्हते. ‘जरा उजेडात ये’, असे कोणीतरी म्हणाले आणि ती बावरली. पुढची दोन उत्तरे तिला जमली नाहीत. सराव होता म्हणून निभावले. खऱ्या मुलाखतीत असे घडले असते, तर दोष तिच्या आत्मविश्वासाला दिला गेला असता.

असे का होते, हे आधी समजून घेतले पाहिजे. कॅमेरा आपोआप उजेड ठरवतो, तेव्हा समोरच्या दृश्याची सरासरी मध्यम करड्या छटेइतकी असावी असे तो गृहीत धरतो. मागे उजळ खिडकी असली, की त्याला दृश्य फार प्रखर वाटते आणि तो एकंदर चित्र काळवंडवतो. आपल्याकडे त्यात आणखी एक भर पडते. धम्माच्या कार्यक्रमांना आपण शुभ्र वस्त्रे परिधान करतो, सभागृहाच्या भिंती चुन्याने पांढऱ्या असतात आणि चेहरे सावळे असतात. पांढऱ्याला आवरताना कॅमेरा चेहऱ्याचाच बळी देतो. नव्या उपकरणांत चेहरा ओळखण्याची सोय असते. तिने थोडा फरक पडतो, पण पाठीमागून उजेड येत असेल तर तीही हतबल ठरते.

छायाचित्रणाच्या इतिहासात हा प्रश्न जुना आहे. कोडॅक कंपनी छायाचित्रे छापणाऱ्या प्रयोगशाळांना रंग जुळवण्यासाठी नमुना म्हणून एका गौरवर्णीय स्त्रीचे चित्र पाठवीत असे. सुरुवातीच्या मॉडेलच्या नावावरून या नमुन्यांना ‘शर्ली कार्ड’ म्हणत. गोरी त्वचा बरोबर दिसली म्हणजे रंग बरोबर आले, असा तो हिशेब. लोर्ना रॉथ या कॅनडातील अभ्यासिकेने या प्रथेचा शोध घेतला, तेव्हा एक चमत्कारिक गोष्ट पुढे आली: गडद तपकिरी छटा नीट उमटत नाहीत ही तक्रार कंपनीने मनावर घेतली ती लाकडी सामान आणि चॉकलेट यांची जाहिरात करणाऱ्यांची. माणसांच्या चेहऱ्यांचा लाभ त्यातून ओघाने झाला. यंत्रातले ‘आपोआप’ कोणीतरी, कोणालातरी डोळ्यांसमोर ठेवून ठरवलेले असते. म्हणून ज्या कॅमेऱ्यात उजेड आपल्या हाताने ठरवता येतो, तो आपल्या कामाचा.

डीएसएलआरचा लाभ नेमका येथे आहे. पुष्कळांना वाटते की त्याचे ‘मेगापिक्सेल’ जास्त म्हणून चित्र चांगले. वस्तुतः कॅननच्या १३००डी या साध्या मॉडेलचे छायाचित्र १ कोटी ८० लाख बिंदूंचे असते, तर व्हिडिओ-संभाषणात ७२० या पातळीचे चित्र म्हणजे सुमारे ९ लाख २१ हजार बिंदू; इंटरनेट मंद असेल तर त्याहूनही कमी. बाकीचे बिंदू वाटेतच गळून पडतात. उरतो तो संवेदकाच्या, म्हणजे सेन्सरच्या, आकाराचा फायदा. या कॅमेऱ्याचा सेन्सर २२.३ × १४.९ मिलिमीटरचा आहे. लॅपटॉपमधला जेमतेम तीन-चार मिलिमीटर रुंद असतो. क्षेत्रफळ तीसपटींच्या घरात जाते. मोठ्या अंगणात पाऊस जास्त साठावा तसा त्यात प्रकाश जास्त साठतो, त्यामुळे ट्यूबलाइटच्या उजेडातही चित्र रवाळ होत नाही आणि सावळ्या चेहऱ्यावरच्या छटा टिकून राहतात.

जोडणीचे दोन मार्ग आहेत. पहिला यूएसबी केबलचा. टाळेबंदीत वेबकॅमचा तुटवडा पडला, तेव्हा एप्रिल २०२० मध्ये कॅननने ‘ईओएस वेबकॅम युटिलिटी’ या सॉफ्टवेअरची प्राथमिक आवृत्ती दिली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये निकॉन आणि सोनी यांनीही तशी सोय केली. आपले मॉडेल कंपनीच्या यादीत आहे ना, एवढे आधी पाहावे. सॉफ्टवेअर संगणकावर घालून संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा, कॅमेरा व्हिडिओच्या स्थितीत ठेवून केबल जोडावी आणि झूम किंवा गूगल मीटमध्ये कॅमेऱ्यांच्या यादीतून त्याचे नाव निवडावे. येथे दोन अडचणी हमखास येतात. कॅननच्या कित्येक मॉडेलांत वाय-फाय चालू असेल तर यूएसबी चालत नाही. ते बंद करावे. आणि जुन्या कॅमेऱ्यांना मोबाइलची केबल बसत नाही. ‘मिनी यूएसबी’ या जुन्या घाटाची केबल लागते, तीही नुसती चार्जिंगची नव्हे, माहिती वाहून नेणारी. आमचा एक अख्खा दिवस या केबलपायी गेला.

दुसरा मार्ग एचडीएमआयचा. कॅमेऱ्याच्या एचडीएमआय छिद्रातून निघालेले चित्र ‘कॅप्चर कार्ड’ नावाच्या पेनड्राइव्हसारख्या उपकरणात जाते आणि संगणकाला ते साधा वेबकॅम म्हणून दिसते. यात कंपनीच्या यादीची अडचण नाही आणि चित्रही अधिक रेखीव येते. मात्र काही स्वस्त मॉडेले चित्रासोबत पडद्यावरचे आकडे आणि फोकसची चौकटही पाठवतात. मेनूमधून ती घालवता येतात का, हे पाहून मगच कार्ड विकत घ्यावे.

आता मांडणी. मुलाला खिडकीकडे पाठ करून कधीही बसवू नये. खिडकी समोर, किंचित एका बाजूला असावी. दुसऱ्या बाजूला पांढरा थर्माकोल उभा केला, तर परतलेल्या उजेडाने सावली सौम्य होते. या एका थर्माकोलने जे साधते ते महागड्या लेन्सनेही साधत नाही. कॅमेरा तिपाईवर, डोळ्यांच्या उंचीवर, लॅपटॉपच्या पडद्याच्या अगदी मागे ठेवावा, म्हणजे मूल पडद्याकडे पाहत असले तरी समोरच्याला नजर आपल्याकडेच वाटते. कॅमेरा मॅन्युअल स्थितीत घ्यावा. शटर १/५० ठेवावे: आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते, आणि १/५० किंवा १/१०० या वेगाला चित्रात पट्टे येत नाहीत. सोबतच्या १८–५५ लेन्सवर छिद्र ५.६ पुरे. मग फक्त चेहऱ्याकडे पाहत आयएसओ वाढवत न्यावा. भिंत थोडी जास्त पांढरी झाली तरी चालेल. चेहरा जसा समोर दिसतो तसा पडद्यावर दिसला की थांबावे. तो उजळवून गोरा करण्याचा मोह अजिबात नको.

फोकसचेही तसेच. १३००डीसारखा जुना कॅमेरा व्हिडिओत आपोआप फोकस धरताना पुढे-मागे चाचपडत राहतो. कॅननच्या ७०डी मध्ये २०१३ साली आलेले ‘ड्युअल पिक्सेल’ तंत्र ज्यांत आहे, उदाहरणार्थ २००डी, ते कॅमेरे हे काम सफाईने करतात. ते नसेल तर मूल खुर्चीत बसल्यावर चित्र मोठे करून डोळ्यांवर फोकस लावावा आणि लेन्सवरची कळ ‘एमएफ’कडे सरकवावी. खुर्ची मात्र हलता कामा नये. पायांशी जमिनीवर खडूच्या खुणा कराव्यात.

बॅटरीचे भान ठेवावे. डीएसएलआरचा आरसा नेहमी खाली असतो आणि फोटो काढताना क्षणभर वर उचलला जातो. वेबकॅम म्हणून वापरताना तो सतत वर राहतो आणि सेन्सर अखंड जागा असतो. त्यामुळे कॅमेरा तापतो आणि बॅटरी भराभर उतरते. बॅटरीच्या जागी बसणारा, विजेच्या सॉकेटला जोडलेला नकली बॅटरीचा ठोकळा मिळतो, तो घ्यावा. ‘ऑटो पॉवर ऑफ’ बंद करावे. तरीही काही मॉडेले अर्ध्या तासाने दृश्य बंद करतात, तेव्हा लांबलचक प्रवचनात मध्ये एखादा विराम ठेवलेला बरा. पावसाळ्यात वीज जाणारच, म्हणून मुलाखतीच्या दिवशी लॅपटॉप पूर्ण चार्ज केलेला आणि चार्ज केलेली खरी बॅटरी खिशात, हा नियम.

आवाज या सॉफ्टवेअरमधून येत नाही. त्यासाठी कॉलरला लावायचा साधा माइक हवा. कॅमेऱ्याचे चित्र किंचित उशिरा पोहोचते, त्यामुळे ओठ आणि शब्द यांत अल्पसे अंतर पडते. व्याख्यानात ते खपून जाते, गायनाच्या कार्यक्रमात खुपते.

वर्गासाठी या मांडणीचा उपयोग मला मुलाखतीइतकाच मोलाचा वाटतो. सोबतची लेन्स २५ सेंटिमीटरपर्यंत जवळचे टिपते. कॅमेरा टेबलावर खाली तोंड करून बसवला, तर पानाच्या शिरा, सर्किटमधली तार, भूमितीची रचना करणारे हात मुलांना मोठे होऊन दिसतात. पालीच्या वर्गात अशोकाच्या शिलालेखांतील धम्मलिपीचे एकेक अक्षर कसे वळते, हे दूरवर बसलेल्या ताईंना कागदावर लिहून दाखवता येते. शिकवणाऱ्याला स्वतःच्या पडद्यावर अक्षरे आरशातल्यासारखी उलटी दिसतील. त्याने घाबरू नये, समोरच्यांना ती सुलटच दिसतात.

एवढ्यासाठी नवा डीएसएलआर विकत घ्यावा का? माझ्या मते, नाही. देणगीदारांनी तसा विचार केल्यास त्यांना तिपाई, दोन माइक, नकली बॅटरी आणि एक चांगला दिवा सुचवावा. कॅमेरा नसेल तेथे अलीकडचा मोबाइलही वेबकॅम म्हणून चालतो. त्याचा मागचा कॅमेरा लॅपटॉपपेक्षा कितीतरी सरस असतो आणि खिडकी-थर्माकोलचे सूत्र तेथेही तेच.

असलेला कॅमेरा मात्र वापरात राहिला पाहिजे. बंद कपाटातील दमट हवेत लेन्सच्या काचेवर बुरशी चढते आणि ती एकदा खोल गेली की निघत नाही. काम झाल्यावर तो थंड होऊ द्यावा, केबल ओढून न काढता टोकाशी धरून काढावी, बॅटरी वेगळी करावी आणि सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवावा. डब्यावर आतल्या वस्तूंची यादी चिकटवावी आणि तीत मिनी यूएसबी केबल सर्वांत वर लिहावी.