खूण नसलेली कुत्री मोजताना

ऊन चढलं की गावातली कुत्री गाड्यांखाली, पडव्यांत दडी मारतात. म्हणून गोव्यात रेबीजची लस टोचणारी जाळेवाली मंडळी उजाडतानाच कामाला लागतात. एका सकाळी मी त्यांच्या मागोमाग हिंडलो.

दांड्याला मोठी कडी, कडीला खोल जाळं. कुत्रा जिकडून निसटणार तिथे एकजण आधीच उभा, दुसरा मागून हाकतो. जाळं अंगावर पडलं की कडी जमिनीशी दाबून जाळीला पीळ द्यायचा, म्हणजे त्याला वळून चावता येत नाही. सुई जाळीतूनच टोचतात. पाठीवर रंगाचा फटकारा मारला की सुटका. हे सगळं होईस्तोवर एकजण मोबाइलवर नोंद करतो: नर की मादी, जागा कुठली, नसबंदी झालीय का. कानाला खाच असली, तर झालेली. पहिलाच कुत्रा केकाटला की बाकीचे पसार होतात. त्यामुळे आवाज न करता पकडण्याला या कामात फार मान आहे.

माझ्या मते खरी कसोटी त्यानंतर लागते. टोचून झाल्यावर त्याच वाटांनी फिरून कुत्री मोजतात: रंग लागलेली किती, कोरी किती. शंभरात निदान 70 रंगलेली हवीत. तेवढ्यांना लस असली की रोगाची साखळी तुटते. कमी भरली, तर त्या वस्तीत पुन्हा जायचं. आणि दरवर्षी नवी पिल्लं जन्मतात, म्हणून दरवर्षी हे सगळं पहिल्यापासून.

‘टोचता कशाला, उचलून न्या की,’ असं लोक म्हणतात. पोर घराबाहेर खेळत असेल, तर कुत्र्यांची भीती वाटणं रास्तच. पण कुत्री नेली आणि उकिरडा तसाच राहिला, तर रिकाम्या जागी बाहेरची, लस नसलेली कुत्री येतात.

‘मिशन रेबीज’ ही संस्था आणि राज्य सरकार यांनी हे काम चिकाटीने केलं. कुत्र्यांमधला रेबीज 92 टक्क्यांनी घटला आणि 2017 नंतर काही वर्षं गोव्यात या रोगाने एकही माणूस दगावला नाही. लक्षणं दिसल्यावर रेबीजमधून माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, हे ध्यानात घेतलं की या आकड्यांचं मोल कळतं.

तुमच्या गल्लीत अशी मंडळी आली, तर त्यांना कुत्री कुठे असतात ते दाखवा. घरचा कुत्राही बाहेर आणा. आणि कुत्रा चावलाच, तर जखम साबण लावून 15 मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.