नागराजाचे मुळीक

भुसावळ जंक्शनच्या फलाटावरचा पुस्तकांचा स्टॉल, जळगावच्या एसटी स्टँडाबाहेरची रद्दीची गाडी, धुळ्यातल्या एखाद्या गल्लीत भाड्याने पुस्तकं देणारी टपरी. ऐंशी-नव्वदच्या दशकांत खान्देशातल्या पोरांना कॉमिकमधला नागराज भेटायचा तो अशा ठिकाणी. भेट हिंदीत व्हायची आणि त्यात कुणाला वावगं वाटत नसे. एका अंगाला बऱ्हाणपूर, दुसऱ्या अंगाला सेंधवा, धुळं तर मुंबई-आग्रा रस्त्यावरच वसलेलं. घरी अहिराणी, शाळेत मराठी आणि दप्तरात गणिताच्या वहीखाली हिंदी कॉमिक, ही इथली रीतच होती. भाडं एकाने भरायचं आणि वाचायचं चौघांनी.

त्या चौघांपैकी पहिल्या पानावरच्या श्रेयनामावलीकडे कुणी पाहत नसे. पाहिलं असतं तर तिथे एक नाव दिसलं असतं: प्रताप मुळीक. उत्तरेतले चाहते आजही त्यांना ‘मुलिक’ किंवा ‘मल्लिक’ म्हणतात. इंग्रजी स्पेलिंगमुळे कित्येकांना ते बंगाली वाटतात. पण हिंदीतल्या सगळ्यात गाजलेल्या अद्भुतनायकाला अंगकाठी आणि चेहरा देणारा हा माणूस पुण्याचा, अस्सल मराठी ‘ळ’चा.

नागराजपर्यंत पोचायला मुळीकांना देव आणि राजे यांच्या दरबारातून यावं लागलं. अनंत पै यांनी १९६७ साली ‘अमर चित्र कथा’ सुरू केली. इंडिया बुक हाउसच्या या मालेला पुराणातल्या आणि इतिहासातल्या माणसांना हाडामांसाचं करणारे हात हवे होते. त्यातले बरेच हात मराठी निघाले. ‘कृष्ण’ राम वाईरकरांनी काढला; पुढे ‘टिंकल’मधला सुप्पंडीही त्यांचाच. महाभारताची ४२ अंकांची प्रचंड माला दिलीप कदमांनी पेलली. मुळीकांच्या वाट्याला ‘राम’, ‘शिवाजी’, ‘गीता’ असे अंक आले. ‘शिवाजी’ची संहिता तर फास्टर फेणेवाल्या भा. रा. भागवतांची. विषयाचं वजन असं, की चित्रकाराचा हात जरा घसरला तर घराघरातून ओरड व्हावी.

ही तालीम महत्त्वाची. पौराणिक चित्रात दागिने, किरीट, रथ, घोडे हे सगळं असतं, पण खरी परीक्षा होते ती देहाची. दहा तोंडांचा रावण काढताना नऊ जास्तीची तोंडं मानेला खरीखुरी चिकटलेली वाटली पाहिजेत. धनुष्य ओढताना कोणता स्नायू ताणला जातो, हे चित्रकाराला ठाऊक नसेल तर देव कागदी होतो. मुळीकांच्या रेषेत शरीराचं हे ज्ञान मुरलेलं होतं. अद्भुत चित्रकथेचं गमक तिथेच आहे. अशक्य गोष्ट काढणं सोपं असतं, ती अशक्य गोष्ट जमिनीवर पाय रोवून उभी करणं अवघड.

मध्ये एक गमतीचा टप्पा आला. १९८२ साली ‘कुली’च्या चित्रीकरणात अमिताभ बच्चन जबर जखमी झाले आणि देश नवस बोलू लागला. पुढच्याच वर्षी इंडिया बुक हाउसने अमिताभलाच नायक करून ‘सुप्रीमो’ ही चित्रकथा आणली. पम्मी बक्षी संपादक, गुलजार सल्लागार आणि चित्रं मुळीकांची. सोबतीला विजय आणि अँथनी नावाची दोन पोरं आणि शाहीन नावाचा ससाणा. सुप्रीमोचा पोशाख आज पाहिला तर हसू आवरत नाही. पण चेहरा? तो पानोपानी, कुठल्याही कोनातून, अमिताभचाच. ज्या चेहऱ्याची पोस्टरं गावोगावच्या टॉकीजबाहेर लटकत होती, तो शेकडो चौकटींत न चुकता उतरवणं हे भल्याभल्यांना न झेपणारं काम. ही माला दोनेक वर्षं चालली.

मग १९८६. दिल्लीच्या राजकुमार गुप्ता यांच्या राज कॉमिक्सने ‘नागराज’ आणला. कथा परशुराम शर्मांची, चित्रं मुळीकांची. प्रोफेसर नागमणी नावाचा खलनायक एक सर्पमानव तयार करतो आणि पैसे मोजतील त्या गुंडांना त्याला वापरायला देतो. पहिलीच कामगिरी म्हणजे देवळातली देवीची मूर्ती पळवणं. तिथे आडवे येतात बाबा गोरखनाथ. नागराजला ताब्यात ठेवण्यासाठी त्याच्या डोक्यात बसवलेली कुपी ते काढून टाकतात आणि गुलाम मोकळा होतो. पुढे ‘नागराज की कब्र’, ‘नागराज का बदला’ असे अंक निघत गेले.

खरं सांगायचं तर या सुरुवातीच्या कथा फार खोल नाहीत. गुंड येतात, मार खातात, जातात. पण मनगटातून साप सुटतात ती चौकट एकदा पाहिली की पोरगं रात्री हात उशीखाली लपवून झोपायचं. हिरवी खवल्यांची काया, पहिलवानी छाती आणि चेहऱ्यावर पुराणपुरुषाचा शांतपणा. हा शांतपणा अमेरिकन सुपरहीरोकडून आलेला नव्हता, तो ‘अमर चित्र कथे’तल्या रामाकडून आला होता. हे मिश्रण मुळीकांचं आणि नागराजचं खरं भांडवल तेच.

गोरखनाथांचा प्रवेश दिल्लीकर लेखकाने कशासाठीही घातला असो, खान्देशात तो ओळखीचा ठरला. ज्या घरांत नवनाथांची पोथी वाचली जाते, तिथल्या पोराला गोरखनाथ परके कसे वाटणार? आणि नाग तर नाहीच नाही. इथे नागपंचमी झाली की येणाऱ्या रविवारी कानबाईचे रोट असतात.

शिवाय नागराज इथे दीड हजार वर्षांपूर्वीच येऊन बसला आहे. जळगावहून साठेक किलोमीटरवर अजिंठा. तिथल्या एकोणिसाव्या लेण्याशी सात फण्यांच्या छत्राखाली राणीसह आरामात बसलेला नागराज आहे. आणि पहिल्या लेण्यात चांपेय जातक रंगवलं आहे: नागांचा राजा गारुड्याच्या हाती सापडतो, त्याला लोकांपुढे नाचवलं जातं, शेवटी त्याची राणी काशीच्या राजापुढे उभी राहते आणि तो सुटतो. सामर्थ्यवान नाग, त्याच्यावर पैसे कमावणारा मालक आणि मग सुटका. नागमणी प्रोफेसरची गोष्ट याहून किती निराळी आहे? हा योगायोग असेल. पण एकाच भिंतीवर तीच व्यक्ती पुन्हा पुन्हा काढून गोष्ट पुढे नेण्याची अजिंठ्याची पद्धत पाहिली, की चित्रकथा ही परदेशातून आलेली पोरकट करमणूक आहे असं म्हणणाऱ्यांची कीव येते.

परदेशाचा विषय निघालाच आहे तर फ्रान्सचा चित्रकथाकार झाँ जिरो पाहावा. तो १९३८ साली जन्मला. ‘ब्लूबेरी’ ही काउबॉयची वास्तवदर्शी चित्रकथा तो ‘जिर’ या सहीने काढायचा आणि अद्भुत कथा ‘मोबियस’ या नावाने. १९७४ साली त्याने मित्रांसोबत स्वतःची प्रकाशनसंस्था काढली. तिच्या ‘मेताल हुर्लां’ मासिकात त्याचा ‘आर्झाक’ आला. त्यात एकही शब्द नाही, फक्त एक स्वार आणि त्याचं अजस्र पाखरू. पुढे ‘एलियन’ आणि ‘ट्रॉन’ या सिनेमांसाठीही त्याने आरेखनं केली. २०१२ साली तो वारला, तेव्हा फ्रान्सने मोठा कलावंत गेला म्हणून शोक केला.

मुळीकांची वाट त्याच्यासारखीच वास्तवाकडून अद्भुताकडे गेली. फरक मालकीचा. जिरोचं पाखरू जिरोचं होतं, मुळीकांचा नाग दिल्लीच्या प्रकाशकाचा. काम वाढलं तसे श्रेयनामावलीत ‘कलानिर्देशन’ मुळीकांचं आणि चित्रं चंदू यांची, असे अंक निघू लागले. संजय अष्टपुत्रेंनीही नागराज काढला. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर तो अनुपम सिन्हांकडे गेला आणि महानगरात राहणारा, वेगळ्या चणीचा नायक झाला. सिन्हा कसबी आहेत, त्यांचे चाहते अफाट आहेत. तरी पहिल्या नागराजच्या अंगात जी मातीची जडता होती ती पुन्हा आली नाही, असं मानणाऱ्यांत प्रस्तुत लेखकही आहे. याच काळात दिलीप कदमांचं नाव राज कॉमिक्सच्या ‘भोकाल’शी जोडलं गेलं. ढाल, तलवार आणि राक्षसांच्या त्या दुनियेमागेही महाभारत काढलेला मराठी हात होता.

मराठी समीक्षेने दलाल-मुळगावकर या चित्रकारांच्या मुखपृष्ठांवर भरभरून लिहिलं आणि ते योग्यच झालं. चित्रकथाकारांच्या वाट्याला मात्र ते आलं नाही. काम हिंदीत, वाचक लहान, कागद स्वस्त, अशी तिहेरी अस्पृश्यता. आज मुळीक म्हटलं की चित्रकलेच्या विद्यार्थ्याला जलरंगांचे मिलिंद मुळीक आठवतात. ते प्रताप मुळीकांचे चिरंजीव, हे पुष्कळांना सांगावं लागतं.

या दिवाळीत माळा झाडताना जुन्या कॉमिकांचा गठ्ठा हाती लागला, तर तो किलोच्या भावाने देऊन टाकू नका. पहिलं पान उघडून चित्रकाराचं नाव मोठ्याने वाचा. आणि ‘ळ’ नीट उच्चारा.