विधेयक पास झालें म्हणजे कायदा झाला काय?

अधिवेशन आटोपून गांवीं आलेले आमदार “अमुक विधेयक पास केलें” असें सांगतात, आणि पुष्कळ शेतकरी बंधु तो कायदाच झाला असें धरून चालतात. हा समज बरोबर नाहीं.

दोन्ही सभागृहांनीं मंजूर केलेलें विधेयक राज्यपालांकडे जातें. घटनेच्या २०० व्या कलमान्वयें ते संमति देतात, रोखतात, किंवा विधेयक राष्ट्रपतींच्या विचारार्थ राखून ठेवतात. धनविधेयकाखेरीज इतर विधेयक ते फेरविचारार्थ परत पाठवूं शकतात. विधिमंडळानें तें पुन्हां मंजूर केल्यास मात्र राज्यपालांस संमति रोखतां येत नाहीं. राष्ट्रपतींनीं निर्णय केव्हां द्यावा याची मुदत घटनेंत घातलेली नाहीं.

याचा परिणाम आपल्या गोठ्यापर्यंत कसा पोंचतो तें पाहा. १९७६ च्या प्राणी रक्षण कायद्यानें गाईच्या कत्तलीस बंदी होती. निरुपयोगी ठरलेल्या बैलाची कत्तल दाखला घेऊन करतां येत असे. बैल व वळू यांसही बंदी करणारें विधेयक विधिमंडळानें १९९५ सालीं मंजूर केलें. राष्ट्रपतींची संमति मिळाली २०१५ सालीं! मधलीं वर्षें सांगोल्याच्या बाजारांत थकलेला खिलार विकणाऱ्यास जुनाच कायदा लागू होता. पुढें कत्तलीसाठीं विक्रीही गुन्हा ठरली, आणि थकल्या बैलाच्या किंमतींत भर घालून नवी जोडी घेण्याचा हिशेब बदलला.

सबब आमदारांस तीन गोष्टी अवश्य विचाराव्या: विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर झालें काय? संमति कोणत्या तारखेस मिळाली? अंमल केव्हांपासून? राजपत्रांत मजकूर छापून येईपर्यंत नव्या कायद्याच्या भरंवशावर कोणताही व्यवहार करूं नये.