जाळे घ्यावे कुठे: प्रदर्शनात की दुकानात?

नागपूर समुद्रापासून लांब आहे, तरी मासेमारीच्या सामानाला या शहराभोवती मोठी मागणी आहे. उत्तरेला पेंच नदीवर तोतलाडोह आणि नवेगाव खैरीची धरणे आहेत. पूर्वेला वैनगंगा आणि पवनीजवळचा गोसीखुर्दचा जलाशय आहे. त्यापलीकडे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत हजारो मालगुजारी तलाव पसरले आहेत. या पाण्यात ढिवर, भोई, कहार समाजाची माणसे पिढ्यान्‌पिढ्या मासे धरत आली. जाळे, तंगूस (नायलॉनचा एकेरी धागा), शिसे, बोये, गळ हे त्यांचे सामान गावच्या आणि तालुक्याच्या दुकानात किंवा आठवडी बाजारात मिळते. अलीकडे ते कृषी प्रदर्शनाच्या मंडपातही दिसू लागले आहे. प्रदर्शनात निवड मोठी असते आणि नवे काय आले आहे ते एका फेरीत कळते. पण आपल्या पाण्याला बसणारे जाळे बहुधा दुकानातच मिळते, आणि त्याचे कारण जाळ्याच्या घडणीत आहे.

एकेकाळी या भागात जाळ्याचे दुकान असण्याचे फारसे कारणच नव्हते. रसेल आणि हिरालाल यांनी 1916 मध्ये मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर चार खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात ढीमरांच्या, म्हणजे ढिवरांच्या, पोटजातींची जी नावे आली आहेत, ती बरीचशी कामावरून पडलेली आहेत. झिंगे धरणारे वेगळे, बांबूच्या काठीने गळ टाकणारे वेगळे, शिंगाडा लावणारे वेगळे, सण-अंबाडीच्या दोऱ्या वळणारे वेगळे. सामान करणारा आणि वापरणारा एकाच वस्तीत राहत होता. सुताचे किंवा सणाचे जाळे ओले राहिले की कुजायचे, म्हणून ते रोज वाळवावे लागे आणि झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून पक्के करावे लागे. त्यामुळे विणण्याचे आणि दुरुस्तीचे काम घरात वर्षभर चालू असे.

नायलॉनने हे सगळे बदलले. अमेरिकेच्या ड्यूपाँट कंपनीने 1938 मध्ये नायलॉन जाहीर केले, आणि पुढच्या काही दशकांत जगभरची मासेमारी त्याच्यावर गेली. भारतात कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजे 1957 मध्ये सुरू झालेल्या ‘सिफ्ट’ने, कृत्रिम धाग्यांच्या जाळ्यांवर सातत्याने काम केले. महाराष्ट्रात 1976 मध्ये स्थापन झालेली गरवारे वॉल रोप्स ही कंपनी, आजची गरवारे टेक्निकल फायबर्स, यंत्रावर विणलेल्या जाळ्यांची मोठी उत्पादक झाली. नायलॉन पाण्यात कुजत नाही, ओले असतानाही मजबूत राहते आणि पाण्यात कमी दिसते. पण ते घरी कातता येत नाही, विकतच घ्यावे लागते. मासेमाराच्या गावाजवळ दुकान उभे राहिले ते या गरजेतून.

विकत मिळते ते मात्र पूर्ण जाळे नसते. कारखान्यातून येते ती जाळ्याची पट्टी, आणि ती बहुधा वजनावर विकली जाते. तिला वरची दोरी, खालची दोरी, बोये आणि शिसे लागल्यावर तिचे जाळे होते. ही जोडणीच सगळे ठरवते. कल्ल्यात अडकवणारे जाळे पूर्ण ताणून दोरीला बांधले, तर आस, म्हणजे जाळ्याची भोके, मिटलेली राहतात आणि मासा धडकून परत फिरतो. म्हणून पट्टी सैल बांधतात: ताणून शंभर मीटर भरणारी पट्टी साधारण पन्नास मीटर दोरीवर बसवली की आस चौकटीसारखी उघडी राहते. वाहत्या नदीत शिसे जास्त लागते, संथ तलावात कमी. नायलॉन पाण्यापेक्षा जड असल्याने बुडते, तर पॉलिएथिलीनची दोरी तरंगते. वरच्या आणि खालच्या दोरीची निवड चुकली तर महागातले जाळेही पाण्यात नीट उभे राहत नाही.

आसेचा आकार हा त्याहून नाजूक मामला आहे. अशा जाळ्यात मासा डोके घालतो, कल्ल्यापाशी अडकतो आणि मागे सरकता येत नाही म्हणून धरला जातो. आस लहान असेल तर मोठा मासा आत शिरतच नाही, आणि मोठी असेल तर लहान मासा निसटून जातो. म्हणजे एक आस ठरावीक मापाचाच मासा धरते. गोसीखुर्दसारख्या खोल जलाशयात रोहू-कटल्यासाठी लागणारी आस, गावतलावात मरळ किंवा वाम धरण्यासाठी लागणारी आस, आणि झिंग्यांसाठीची बारीक आस यांत फार अंतर आहे. धागा किती जाड हवा, हेही पाण्याचा तळ पाहून ठरते. बुडालेल्या झाडांचे बुंधे असलेल्या जलाशयात बारीक तंगुसाचे जाळे दोन खेपांत फाटते. स्वच्छ तळाच्या तलावात तेच जाळे जास्त मासे देते, कारण ते माशाला दिसत नाही.

चांगल्या दुकानदाराची किंमत इथे कळते. गिऱ्हाईक जाळे मागते तेव्हा तो आधी पाणी कोणते ते विचारतो: नदी की तलाव, खोली किती, तळाला गाळ की दगड, मासा कोणता. मग पट्टी उलगडून एक आस दोन्ही हातांच्या बोटांत धरून चारही बाजूंना ताणतो. नायलॉन गुळगुळीत असल्याने त्याची गाठ सरकण्याची खोड असते. कारखान्यात दुहेरी गाठ मारून आणि उष्णता देऊन ती पक्की करतात. ताणल्यावर गाठ सरकली आणि चौकट तिरकी झाली, तर ती पट्टी पाण्यात पहिल्या मोठ्या माशापुढेच हार खाते. दुकानदार नखाने धागाही ओढून पाहतो. उन्हात फार काळ पडलेले नायलॉन कमजोर होते, आणि दारात टांगलेले जुने जाळे नव्या भावात घेण्यात शहाणपण नाही, हे जाणकार मासेमारालाही ठाऊक असते.

दुकान टिकते ते आणखी दोन गोष्टींवर. पहिली उधारी. तलावातले उत्पन्न वर्षभर सारखे येत नाही. पावसाळ्यात मत्स्यबीज सोडायचे, त्याच काळात माशांची वीण असते, आणि मोठा मासा निघतो हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत. जाळे लागते त्याच्या आधी, पैसे येतात नंतर. हे अंतर ओळखीच्या दुकानदाराच्या वहीत भरून निघते. चार दिवसांच्या मंडपात तशी वही नसते. दुसरी गोष्ट सुट्या सामानाची. फाटलेल्या जाळ्याला नवी पट्टी लागत नाही. थोडा त्याच जाडीचा धागा, मूठभर शिशाच्या गोळ्या आणि सुई एवढे पुरते. प्रदर्शनातला विक्रेता पूर्ण संच विकतो. वर्षभराने त्यातली एक वस्तू तुटली तर ती कुठे मिळणार, हे विकत घेताना विचारले जात नाही.

प्रदर्शनांचा उगम मुळात वेगळ्या गरजेतून झाला. हौशी मासेमारीचा मोठा उद्योग असलेल्या देशांत वर्षाकाठी सामानाचे मोठे मेळे भरतात. अमेरिकेतले ‘आयकास्ट’ हे त्यातले नाव घेण्यासारखे. ते व्यापाऱ्यांसाठी आहे: उत्पादक नवा माल मांडतात, दुकानदार पाहतात आणि हंगामाची मागणी नोंदवतात. म्हणजे तिथे प्रदर्शन दुकानाच्या मागे उभे असते. जपानमधल्या योकोहामाच्या मेळ्यासारखी काही प्रदर्शने थेट लोकांसाठीही खुली असतात. हंगामाच्या तोंडावर मेळ्यातच सवलतीत विक्री झाली, की गिऱ्हाईक वर्षाची खरेदी तिथे उरकते, आणि शेजारच्या दुकानाकडे उरतात फक्त गांडुळे आणि चार आण्यांची किरकोळ विक्री. प्रदर्शन आणि दुकान यांचा खरा तंटा हा आहे.

नागपुरात निव्वळ मासेमारीच्या सामानाच्या मेळ्याची रूढी नाही. इथे मासेमारी येते ती शेतीच्या मंडपातून. नितीन गडकरी यांच्या पुढाकाराने 2009 मध्ये सुरू झालेले ‘ॲग्रोव्हिजन’ हे विदर्भातले सर्वांत मोठे कृषी प्रदर्शन आहे. ते आधी रेशीमबाग मैदानावर भरत असे, अलीकडे दाभा परिसरातल्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या मैदानावर भरते. गोड्या पाण्यातला मत्स्यव्यवसाय हा तिथल्या कार्यशाळांमध्ये येणारा विषय आहे. महाराष्ट्र पशू व मत्स्यविज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय नागपुरातच असल्याने मार्गदर्शनाला जाणकारही जवळ आहेत. 2020 ची प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना आणि मत्स्यव्यवसायाला कृषीसमान दर्जा देण्याचा राज्य मंत्रिमंडळाचा एप्रिल 2025 चा निर्णय यांमुळे या मंडपांतली मत्स्यव्यवसायाची जागा वाढतच जाईल, असे मानायला हरकत नाही.

या मंडपात येणारे गिऱ्हाईक मात्र वैनगंगेवरच्या ढिवरापेक्षा वेगळे असते. शेततळे खोदलेला शेतकरी, जलाशयात मासे वाढवण्याचे पिंजरे टाकू पाहणारा उद्योजक किंवा सहकारी संस्था, आणि नव्याने धंद्यात येणारा तरुण. त्यांच्यासाठी प्रदर्शन खरोखर उपयोगाचे आहे. जलाशयातल्या पिंजऱ्याचे प्रचलित माप 6 मीटर लांब, 4 मीटर रुंद, 4 मीटर खोल. त्याला आतले जाळे, बाहेरचे संरक्षक जाळे, पक्ष्यांपासून वाचवणारे वरचे जाळे, तरंगता सांगाडा आणि नांगर लागतो. असे सामान तालुक्याच्या दुकानदाराने भरून ठेवावे, अशी अपेक्षा करता येत नाही. चार उत्पादक एकाच रांगेत भेटले, त्यांची जाळी हाताळून पाहता आली, तर खरेदी डोळसपणे होते.

शेततळ्याच्या बाबतीत सावध राहण्याची गरज जास्त आहे. विदर्भातल्या अनेक शेततळ्यांना प्लास्टिकचे अस्तर असते. नदीसाठी बनवलेले, जड शिशाचे आणि खरखरीत दोरीचे ओढजाळे त्यात फिरवले तर अस्तर घासते, फाटते, आणि तळेच गळू लागते. 30 मीटर लांबी-रुंदीच्या तळ्यासाठी 30 मीटरचे जाळे पुरेल असे वाटते, पण ओढताना जाळ्याला पोट येते. ते तळ्याच्या रुंदीपेक्षा बरेच लांब आणि पाण्याच्या खोलीपेक्षा जास्त उंच असावे लागते. अशी चूक प्रदर्शनात सहज होते, कारण विक्रेत्याने ते तळे पाहिलेले नसते आणि घेणाऱ्याने जाळे ओढलेले नसते.

शहरातल्या हौशी गळवाल्यांचे गणित पुन्हा वेगळे. पावसाळ्यानंतर नागपूरच्या तलावांच्या काठी गळ टाकून बसलेली माणसे नेहमीच दिसतात. कुणाजवळ बांबूची काठी आणि मळलेले पीठ, तर कुणाजवळ रीळ लावलेला फायबरचा रॉड. रॉड-रीळ आता घरबसल्या ऑनलाइन मागवता येते, आणि त्यात दुकानदार भावाने टिकणे कठीण आहे. गळाचे मात्र तसे नाही. गळाच्या मापात 1 पर्यंत आकडा जितका मोठा तितका गळ लहान, आणि 1/0, 2/0 पासून पुढे आकडा वाढला की गळही मोठा. नवख्याला हा उलटसुलट हिशेब कळत नाही, आणि मोठ्या रोहूसाठी आणलेला गळ बोटाच्या नखाएवढा निघतो. गळ, तंगूस आणि शिसे या स्वस्त वस्तूंसाठी हातात घेऊन पाहण्याची सोय सगळ्यांत मोलाची ठरते.

लहान दुकानांची बाजू जिथे लंगडी पडते, ती जागा कागदांची आहे. जाळी आणि बिगरयांत्रिक नौका यांच्या खरेदीवर मच्छीमारांना शासकीय अर्थसाहाय्य मिळते, पण त्यासाठी पक्के बिल लागते. प्रदर्शनातली कंपनी ते जागेवर देते. आठवडी बाजारातला विक्रेता बहुधा देऊ शकत नाही. सहकारी मच्छीमार संस्थांनी सभासदांची मागणी एकत्र करून नोंदणीकृत स्थानिक दुकानदाराकडून घेतली, तर बिलही मिळते आणि कारखान्याच्या भावाच्या जवळपास भावही. भाव पाहून ठेवायला संस्थेच्या दोन जाणत्या सभासदांनी प्रदर्शनात जाऊन यावे, आणि खरेदी मात्र हंगामाच्या आधी, जाळे आपल्या तलावाच्या खोलीला जोडून देईल त्याच्याकडून करावी. आज तरी विदर्भातल्या तलावांसाठी हाच मार्ग सर्वांत व्यवहार्य दिसतो.

दुकानदारावर एक जबाबदारीही येते. मच्छरदाणीसारख्या बारीक आसेची जाळी मागणारे गिऱ्हाईक सगळीकडे असते. अशा जाळ्यात सोडलेले बीज आणि स्थानिक माशांची पिल्ले एकदम निघून येतात, आणि पुढच्या वर्षी तलावात धरायला काही उरत नाही. त्याचा फटका त्याच संस्थेला आणि त्याच दुकानाच्या उधारीला बसतो. मंडपातल्या विक्रेत्याला हा तलाव पुढच्या वर्षी दिसणार नसतो. गावच्या दुकानदाराला तो रोज दिसतो, आणि बारीक आसेची पट्टी कोणत्या तलावावर जाणार आहे, हेही त्याला पट्टी मोजताना माहीत असते.