दोन हायस्कुलांपैकी एक निवडताना आधी काय विचारावं?

सातवीचा निकाल लागला की शिरूर असो वा दौंड, घराघरात एकच चर्चा: या हायस्कुलात घालायचं की त्या? इमारत, बस, टाय बघून आपण ठरवतो. आम्ही शिक्षक म्हणून सांगतो, आधी ऑफिसात जाऊन शाळेचा ११ अंकी यूडायस नंबर आणि नववी-दहावीची मान्यता विचारा. काही ठिकाणी मान्यता आठवीपर्यंतच असते; मग दहावीला मुलाचं नाव दुसऱ्याच शाळेतून जातं, नाहीतर १७ नंबरचा फॉर्म भरून बसवतात. अब्बांना हे नववीत कळतं, तेव्हा दाखला काढून दुसरीकडे घालणं जड जातं.

फीचं म्हणाल तर अनुदानित शाळेत शिक्षकांचा पगार सरकार देतं, म्हणून फी कमी. स्वयंअर्थसहाय्यित शाळेत सगळा खर्च पालकांवर. पण तिथेही २०११ च्या फी कायद्याप्रमाणे पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीची मंजुरी लागते. मंजूर फीचा कागद मागा, लाजू नका. (आपल्यातले लोक सभेला जातच नाहीत, मग नंतर तक्रार.)

मुलीचा प्रवेश असेल तर शाळा सुटायची वेळ आणि एसटीची वेळ जुळते का, हे एक दिवस स्वतः जाऊन बघा. शाळा चांगली असूनही गाडीपायी आठवीत घरी बसलेल्या मुली आम्ही पाहिल्यात.